नव्या टायरवरचे केस

चहा घ्या सर, आणि एक सांगा, माणसानं सगळ्यात जास्त विश्वास कोणावर ठेवावा? स्वतःवर म्हणता? वानखडे सरही तेच म्हणायचे.

ते तुमच्यासारखेच कॉलेजात शिकवायचे. गिअरची सायकल माझ्याकडूनच घेतली. घर तिसऱ्या माळ्यावर, म्हणून ती माझ्या दुकानातच राहायची. दर शनिवारी फोन यायचा, "शेठ, हवा भरून ठेवा. उद्या कळंबचा चिंतामणी गणपती गाठतो." रविवारी पुन्हा फोन, "आज जादा तास आहेत." कधी पेपर तपासणी, कधी कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाची तयारी.

मी चिडवायचो, "काहून सर, तुमच्याबिगर कॉलेज बंद पडते काय?"

"पोट्टे वाट पाहून राह्यले, शेठ. सायकल कुठं पळून जाते? पुढच्या रविवारी नक्की जातो, माझा माझ्यावर विश्वास आहे."

खरंच, सायकल कुठंच गेली नाही. गेले ते सरच, वर्गात शिकवता शिकवता.

तेराव्यानंतर वहिनी सायकल न्यायला आल्या. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, रस्त्यावर चालली की ते झिजून जातात. त्यांवरून बोट फिरवत वहिनींनी विचारलं, "भाऊ, कॉलेजातून इथं येऊन, परस्पर एकदा तरी कळंबले गेलते ना हे?"

केस जसेच्या तसे होते. मी म्हटलं, "गेलते, वहिनी."

तुम्ही आज सायकल घेऊन राह्यले, आनंद आहे. पण सर, आपल्या रविवारांचा हिशोब खरा ठेवा. तुमच्या घरच्यांसमोर मला पुन्हा असं बोलायला लावू नका.