कापसातला व्हॉल्व्ह

भोंग्याचं कौतुक माह्यापुढं नका करू गड्या हो, चहा कडू लागते. स्वराज्य येऊन चार-पाच वर्सं झाली असतीन. शेलूबाजारात माह्यं भजन होतं. दुसराच अभंग धरला अन् भोंग्याच्या मशीनचा व्हॉल्व्ह, तो काचेचा दिवा, गेला. मशीनवाला म्हने, "घाबरू नका बुवा, मी जादाचा व्हॉल्व्ह घेऊनच फिरतो." कापसात गुंडाळलेला व्हॉल्व्ह त्यानं पेटीतून काढला अन् बसला खटपट करत.

तेवढ्यात मंडळाचे गुलाबराव माह्या कानाशी आले. "बुवा, जोरानं म्हना! लोकं उठून राह्यले!"

म्हतलं. बेंबीच्या देठापासून म्हतलं. एक मानूस हालू नाई देल्ला. पन मशीन सुरू झालं तवा माह्या गळ्यातून नुसती हवा निंगे.

गुलाबरावानं माह्यापुढचा माईक उचलला अन् मागं बसलेल्या मानोऱ्याच्या बुवापुढं नेऊन ठेवला. मले म्हने, "तुमी करा आराम. आमीबी जादाचा बुवा आनूनच ठेवला होता."

मशीनवाल्यानं तो गेलेला व्हॉल्व्हसुदा कापसात गुंडाळून पेटीत ठेवला. मले कोनं पानीबी नाई इचारलं.