नवरदेव शेवंता

मंडळी, बसा. मागच्यांनीही बसून घ्या, सतरंजी पुरेल. आपल्या शेवंतासाठी एवढी माणसं हातातली कामं टाकून आली, हे बघूनच बावरायला होतं. त्यात मला बोलायला उभं केलंय. मला अक्षर येत नाही. नातीनं माझ्या तोंडून ऐकून हे लिहून घेतलं, माझी भाषा जरा धुऊन वाळत घातली. मी ते पाठ केलंय, हातातला कागद नुसता आधाराला आहे. रिकामे हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

धाकट्या जावेबद्दल थोरल्या जावेनं काय बोलावं? रडले तर म्हणाल, नाटक करते. खरं बोलले तर म्हणाल, मेल्यावरही सोडत नाही. मी खरंच बोलणार आहे. शेवंतानं मला जन्मभर वैताग दिला. आणि आता ती गेली, तर तिचा हा फोटो वैताग देतोय.

बघा ना समोर. हाराच्या मागे कोण बसलंय? डोक्यावरून पदर, कोरं कपाळ, तोंडात जीभ नसल्यासारखी. ओळखू आली कोणाला? मला तर नाही आली. माझ्या मुलानं, सुरेशनं, हा फोटो सुधारून आणलाय. सुधारून! अहो, मूळ फोटोत शेवंताला फेटा आहे, कोट आहे आणि मिशी आहे.

हसा, हसा. तिला चाललं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. शेवंता लग्न होऊन आली आणि थोड्याच दिवसांत माझे दीर गेले. मूलबाळ नाही. ती माहेरी परत गेली नाही, मागावर बसली. काठाला असा लाल घालायची, असा जांभळा घालायची की बघणाऱ्यानं लुगडं हातातून सोडू नये. स्वतः मात्र पांढरं. सासूबाईंचा तसा नेम होता आणि सासूबाईंपुढे बोलायची आमची कोणाची छाती नव्हती.

त्या काळी भुलाबाईची गाणी म्हणायच्या दिवसांत आम्ही बाया घरातल्या घरात सोंगं घ्यायचो. कोणी भटजी, कोणी पोलीस. एका वर्षी ही आपली मंजुळा, शेजारची, तिनंच काढलं, "काहून वं, दरसाली घरातच नाचून राहिलो आपण. इतवारीतल्या स्टुडिओत जाऊन फोटो काढू ना!" मी म्हटलं, काढू. नवरा-नवरीचा काढू. मी नवरी, मंजुळा नवरदेव. किती सोपं होतं सांगा. तेवढ्यात मागावरून आवाज आला, "नवरदेव मी बनतो."

सासूबाई ओसरीवर होत्या. म्हणाल्या, "विधवेचा कसला फोटो वं?"

शेवंता म्हणाली, "माझा कुठं काढते, आत्याबाई? नवरदेवाचा काढते."

सासूबाईंनी निवडायचं सूप पुढे ओढलं. आम्ही ते हो धरून चाललो.

आणि मग माझ्यामागे साडेसाती लागली! माझ्या मालकांचा लग्नातला कोट काढून दिला, तर म्हणे खांद्यात ढिला. टाके घालून दिले, तर म्हणे आता दम कोंडते. उमरेडला माझा भाऊ दंडारीच्या खेळात काम करायचा. तिथे पुरुषच बाया होऊन नाचतात, सोंगाचं सगळं सामान असतं. त्याच्याकडून मिशी मागवली. शेवंतानं ती उजेडात धरली अन् म्हणते, "जाऊबाई, हे तं म्हाताऱ्याची हाये. मी तरणाताठा हावो." दुसरी मागवली. फेटा बांधायची, सोडायची, परत बांधायची. मी कावले. म्हटलं, "अवं, तुले खरंच पोरगी पाहाले जायचं हाये का?"

"जायचंच हाये. नवरी काही खास नाही, पण घेईन चालवून."

अशी जीभ. अशा बाईला तुम्ही फोटोत मुकी करून बसवली!

स्टुडिओत गेलो. मागे पडद्यावर तळं, तळ्यात पांढरे हंस, पुढे फळ्यांचा जिना. डोक्यावर दिवे असे तापलेले की माझ्या नाकातली नथ चटके देत होती. फोटोवाले गरीब माणूस, काळ्या कापडात डोकं घालून म्हणायचे, "ताई, हसू नका."

"दादा म्हणा, दादा," नवरदेव म्हणायचा, आणि खो-खो हसायचा, आणि मिशी पडायची. परत डिंक. परत कापड. परत हसू, परत मिशी. मंजुळा जिन्याच्या मागे पोट धरून बसलेली. मला घाम, मला चटके, मला तहान. मी म्हटलं, बास, चला घरी, नाही पाहिजे मला असला नवरा!

तेव्हा फोटोवाले कापडातून बाहेर आले. म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. पण नवरदेवाचं कपाळ कोरं कसं? वाईट दिसतं ते." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? नवरीमुलींसाठी ठेवलेला कुंकवाचा करंडा त्यांनी पुढे केला.

मंजुळा जिन्यामागून उठून उभी राहिली. मी शेवंताकडे बघितलं. आता ती हसत नव्हती.

"लावता का, जाऊबाई?" म्हणाली. "नवरदेवाले लावतेतच ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोट ढिला, मिशी म्हातारी, तो सगळा धिंगाणा कशासाठी? एवढ्या बोटभर जागेसाठी. बायको मेली म्हणून पुरुषाचं कपाळ कोणी पुसत नाही. म्हणून हिला पुरुष व्हायचं होतं. एकदा तरी कपाळावर रंग घेऊन फोटोत बसायचं होतं. आणि या बयेनं अवाक्षर काढलं नव्हतं!

मी करंड्यात अंगठा बुडवला आणि टिळा ओढला. चांगला ठसठशीत ओढला. त्यानंतर मिशी पडली नाही. फोटो निघाला.

लुगडं नेसून ती बाहेर आली तेव्हा कपाळ धुतलेलं होतं. रिक्षात मी आणि मंजुळा रस्त्याकडे बघत बसलो. शेवंताच बोलत होती, "नवरीनं तोंड वाकडं केलं, फोटो बिघडवते आता."

फोटो आला तो सासूबाईंनी दारात, उजेडात नेऊन बघितला. बराच वेळ बघितला. "मिशी वाकडी हाये," एवढंच म्हणाल्या आणि आपल्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवून दिला. चुलीत नाही घातला. त्या सासूबाईंनी नाही घातला, मंडळी!

आणि आमचा सुरेश? "आई, मिशीवाल्या काकूचा फोटो लोकांपुढे कसा ठेवायचा?" तिचा दुसरा फोटो तर नाहीच. मग तो घेऊन गेला, त्याच्यावरून नवा करून आणला. कारागिरानं मिशी खोडली, फेट्याचा पदर केला, कोटावर लुगडं चढवलं. मला वगळलं. सगळं मी गिळलं. पण विचारलं, "कपाळावरचं काहून पुसलं रे बाप्पा?" तर म्हणतो, "आई, काकू विधवा होती. बरं दिसत नाही."

पोरगा वाईट नाही हो. तिच्या दुखण्यात रात्रंदिवस उशाशी हाच होता. मायेनंच पुसलं त्यानं. आता सांगा, मायेशी भांडायचं कसं? दोन दिवस घरात बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

म्हणून आता बोलत नाही. मीही आता तिच्याच रांगेतली, मालक गेल्यापासून माझ्या घरात करंडा नाही. मंजुळेनं तिचा आणलाय. सुरेश, बाजूला हो बाळा. ज्यांना बघवणार नाही त्यांनी डोळे मिटा, अशा वेळी मिटायचेच असतात.

उठा मंडळी. माझं होईस्तोवर कोणी बोलू नका. वेळ लागेल.

शेवंते, पदर जरा मागं घे वं. कपाळ दिसू दे.