थोरलीनं तिला चुलीपाशी का बसवलं

(मळवली, १९७७ सालचा माघ. अंबूबाईच्या पडवीत दोघी जावा, थोरली अंबूबाई आणि धाकटी धोंडाबाई, लेकीच्या, कस्तुराच्या, लग्नाचे तांदूळ निवडताहेत. सूप धोंडाबाईच्या हातात आहे, पण तांदळाकडे तिचं लक्ष नाही. तिचा नवरा अंबाजी ज्या बंगल्याची राखण करतो, तिथल्या टीव्हीवर काल संध्याकाळी पाहिलेलं नाटक तिच्या डोक्यातून जात नाहीये.)

धोंडाबाई : अन् म्हनं, "घ्या वहिनी, ही तुमचीच." असं गोड बोलून कुनी पोटची पोर देतं व्हय, आक्का? परड्यातला भोपळा द्यावा तशी दिली.

अंबूबाई : देताना दिसलंच कुटं? नेमक्या तवाच पडद्यावर मुंग्या आल्या.

धोंडाबाई : चित्र गेलतं, आवाज येत हुता की. हसत हुती ती. ज्यानं लिवलं त्याला घरदार हाय का न्हाई, कुनाला ठावं.

अंबूबाई : तुजं तितंच अडकलंय. मला शेवटाचा राग आला. जिनं न्हाऊमाखू घातलं, गोवर आला तवा मांडीवरनं खाली ठेवली न्हाई, ती थोरली ऱ्हायली कोपऱ्यात उभी. अन् नवरी मांडवातनं उठली ती थेट धाकटीच्या गळ्यात. आनि आपली सगळी आळी डोळं पुसतीय. मला वाटलं, उठावं आनि बंद करून टाकावा त्यो टीव्ही.

धोंडाबाई : म्हंजे आमच्या ह्यांची नोकरी गेली असती.

अंबूबाई : जाऊ दे गेली तर. असलं दावाया ठेवलाय व्हय मालकानं त्यो डबा?

कस्तुरा : आई, तुमचा आवाज विहिरीपर्यंत येतोय. कशावरून भांडताय?

अंबूबाई : भांडतंय कोन? कालच्या नाटकाचं चाललंय. तू आली न्हाईस ते बरं झालं.

कस्तुरा : तूच येऊ दिलं नाहीस. लग्न ठरलेल्या पोरीनं तिन्हीसांजेला बाहेर पडू नये म्हणालीस. काय होतं त्यात?

धोंडाबाई : दोगी जावा. थोरलीला मूल न्हाई, म्हनून धाकटी आपली लेक तिला देती. पुढं पोरीच्या लग्नात कुनीतरी तिला सांगतं, तुजी खरी आई ती धाकटी, अन् पोर मांडवातनं उठून धाकटीच्या गळ्यात पडती.

कस्तुरा : तोवर तिला माहीतच नव्हतं?

अंबूबाई : न्हाई म्हनं. एका गावात, भिताडाला भिताड लागून घरं, अन् पोरीला पत्ता न्हाई.

कस्तुरा : काहीतरीच. मी शाळेत जायच्या आधीच शेजारच्या सरुबाईनं मला सांगितलं होतं, काकीच्या पोटची तू, आईला दिलेली. गावात असं कोण लपवू देतं?

धोंडाबाई : ते ऱ्हाऊ दे, पोरी. आक्का, मला एवढंच सांगा. लग्नाच्या दिवशी थोरलीनं धाकटीला चुलीपाशी का बसवलं?

अंबूबाई : कामाची बाई म्हनून. एवढ्या पंगती उठायच्या, तितं भरवशाचं मानूस नको?

धोंडाबाई : भरवशाचं, पर मागल्या दारी. अक्षता पडल्या तरी तिला दिसू नये अशा जागी.

अंबूबाई : मागलं दार नव्हतं नाटकात.

धोंडाबाई : नाटकात नव्हतं.

कस्तुरा : आई, काकीला मागल्या दारी बसवणार आहेस तू?

अंबूबाई : कुनीतरी बसायलाच पायजे.

कस्तुरा : मला विचारलंस?

अंबूबाई : नवरीला काय इचारायचं त्यात?

कस्तुरा : बरोबर. देताना विचारलं नाही, घेताना विचारलं नाही, आता लोणावळ्याला सासरी धाडतानाही नाही. त्या नाटकातली पोर मांडवातून उठली ती याच रागानं उठली असेल. धाकटीची माया वगैरे काही नाही. मी असते तर दोघींकडेही गेले नसते. सरळ बाहेर चालू लागले असते.

अंबूबाई : कस्तुरे, तोंड आवर.

कस्तुरा : जाते मी. तुम्ही निवडा तांदूळ.

अंबूबाई : बघितलंस? ह्ये त्या डब्याचं काम. न बघताच चढलं तिला.

धोंडाबाई : तिचं काय चुकलं? आनि आता सांगूनच टाकते. हळदीच्या आदल्या दिवशी मी शिरगावला भावाकडं चाललीय. थोरल्या भाऊजींच्या तोंडून तुमी मला चुलीचा निरोप धाडला, तवाच ठरवलं. सोता येऊन बोलला असता तर बसले बी असते.

अंबूबाई : जा. गावाला सांगत फीर, थोरलीनं हाकललं म्हनून.

धोंडाबाई : मी कवा काय सांगितलं गावाला? पोर दिली त्या दिशी तरी तोंड उघडलं का?

अंबूबाई : तेच तर म्हनते. डोळ्यात टिपूस न्हाई तुज्या. हसूनच दिलीस की. मग त्या नाटकवाल्यावर एवढी कशापायी चिडतीस?

धोंडाबाई : हसले, व्हय. सासूबाईंनी आदल्या दिशी सांगितलंवतं, तू रडलीस तर थोरलीचा हात मागं सरंल, पोर घेनार न्हाई ती. म्हनून हसले. तुमी तिला खांद्यावर घेऊन दाराबाहेर पडला अन् मी गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीवर डोस्कं टेकून किती येळ हुते, ठावं न्हाई. त्याचाच राग आलाय मला. हसली ती दाखवली, पर का हसली, ते दाखवाया नको व्हय त्यानं?

अंबूबाई : मला कुनी ह्ये सांगितलंच न्हाई.

धोंडाबाई : आता कळलं ना. मग तुमी बी सांगा. धाकटीला मागल्या दारी बसवावं, एवढी थोरली का भ्याली?

अंबूबाई : पोर आनली तवा नुकती बोलाया लागलीवती. दिवा लावला की दाराकडं बघून आई, आई करायची. मी उचलून घेतली तरी हात दाराकडंच. मी म्हनायचे, अगं मी हितं हाय की. पुढं इसरली ती. मी न्हाई इसरले, धोंडे. सासरी निगताना पोरी आई म्हनून रडत्यात. ही कुनाकडं बघून म्हनंल?

धोंडाबाई : तुमच्याकडं.

अंबूबाई : तुला काय ठावं?

धोंडाबाई : आत्ता आली ती कुनावर कडाडली? माज्यावर एवढ्या वर्सांत एकदा आवाज चढवला न्हाई तिनं. काकी, बरी हाईस का, काकी, पानी आनू का. पाव्हनीशी बोलावं तसं बोलती. मला त्याचं काय वाटत असंल, त्ये कुटल्या नाटकात बसंल?

अंबूबाई : चुलीपाशी सरुबाईला सांगते बसाया.

धोंडाबाई : सांगा. मी तुमच्या मागं बसंन, खांबापाशी.

अंबूबाई : मागं नको. मागं बसलीस तर मला दिसायची न्हाईस.