मधल्या मजल्याच्या मेन स्विचबाबत

मी, या जबाबाखाली सही करणारी, वय बावीस वर्षे, व्यवसाय शिक्षण (वाणिज्य, शेवटचं वर्ष), राहणार बेकरीच्या मागची तीन मजली इमारत, मधला मजला. पोलीस ठाण्यातून बोलावणं आल्यावरून आज स्वतः हजर राहून, विचारल्याप्रमाणे सांगते की,

सदर पत्त्यावर मी तीन वर्षांपासून भाड्यानं राहते. माझ्याबरोबर आणखी तिघी राहतात. त्यांतल्या दोघी सख्ख्या बहिणी असून घरात त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणतात. तिसरी शिकता शिकता लोकांचे कपडे इस्त्री करून देते आणि त्यावर स्वतःची फी भरते. तिच्या हातची घडी मोडवत नाही म्हणून तिला सगळे 'कडक' म्हणतात. ती स्वभावानंही तशीच आहे. हे वाक्य लिहायची गरज आहे का, असं हवालदारांनी विचारलं. आहे, असं मी सांगितलं.

इमारतीच्या तळमजल्यावर दोन भाडेकरू कुटुंबं आहेत. आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, घरमालक राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी, म्हणजे काकू, आणि काकांचे वडील राहतात. आजोबा पूर्वी बस चालवायचे. या वर्षी ते बरेच दिवस दवाखान्यात होते आणि नंतर त्यांना घरी आणलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांची तब्येत विचारायला आम्ही वर गेलो होतो, तेव्हा काकांनी दारातूनच 'आराम करतायत' असं सांगितलं. त्यानंतर आम्ही गेलो नाही.

आमच्या घरात कामाच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. भाडं कधी थकलेलं नाही. विजेचं बिल आलं की त्याच आठवड्यात भरलं जातं. आम्हाला पहिल्यांदा घर देताना काकांनी 'मुलींचं घर म्हणजे रोज नवी कटकट' असं म्हटलं होतं. तीन वर्षांत तळमजल्यावरून किंवा वरून आमच्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही. याची खात्री इमारतीत करून घ्यावी.

आजोबा घरी आल्याच्या पुढच्या महिन्यापासून आमचं बिल एकदम तिप्पट येऊ लागलं. पहिल्या वेळी चूक असेल म्हणून भरलं. दुसऱ्या वेळी मी वीज कार्यालयात गेले. मीटर तपासून बरोबर असल्याचं सांगण्यात आलं. खिडकीतल्या बाईंनी 'वापर कमी करा, आणखी काय सांगू' असं सांगितलं. आम्ही वापर कमी केला. पाणी गॅसवर तापवू लागलो. पंखा एकाच खोलीत लावून चौघी तिथेच अभ्यासाला बसू लागलो. तरी बिल तेवढंच आलं.

ही गोष्ट मी काकांच्या कानावर घातली. त्या दिवशी संध्याकाळी काका खाली आले. कडकचं इस्त्रीचं टेबल बघितलं आणि जिन्यात उभं राहून मोठ्यानं बोलले. तळमजल्यावरची दोन्ही कुटुंबं बाहेर आली होती. काकांचे शब्द असे होते : "घरात धंदा चालवता आणि वर मलाच बिल दाखवता? ही पोरगी तुमचीच वीज चोरते आणि तुम्हाला पत्ता नाही! पुढच्या महिनाअखेर हिनं खोली सोडायची." कडकची शेवटची परीक्षा त्याच्या पुढच्या महिन्यात आहे. या शहरात तिचं दुसरं कुणी नाही.

त्यावर थोरली म्हणाली, "काका, ती गेली तर चौघी गेल्या असं समजा." काका म्हणाले, "मग चौघी जा." धाकटी म्हणाली, "पाटी लावा खाली, इस्त्री न करणाऱ्या मुली पाहिजेत म्हणून." यावर तळमजल्यावरचं कुणीतरी हसलं. काका वर निघून गेले.

 कडकनं इस्त्री गार होऊ दिली, वायर गुंडाळली आणि इस्त्री माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुझ्या कपाटात ठेव. कुलूप लाव. किल्ली मला देऊ नकोस." मी म्हटलं, अगं आम्ही कुठे काय म्हणतोय. ती म्हणाली, "तुम्ही म्हणत नाही म्हणूनच." त्या दिवसापासून ती एका शिंप्याच्या दुकानात जाऊन कपडे इस्त्री करू लागली. दुकान लांब आहे. ती चालत जायची.

पुढचं बिल आलं. तेवढंच होतं. इस्त्री माझ्या कपाटातच होती. मी ते बिल काकांना दाखवलं. ते म्हणाले, "मग हीटर असेल. शोधा." महिनाअखेरची मुदत त्यांनी मागे घेतली नाही.

म्हणून घटनेच्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही स्वतःच तपासणी करायचं ठरवलं. आमचं मीटर जिन्याखाली आहे. मेन स्विच आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. थोरली मीटरपाशी उभी राहिली. धाकटी मधल्या पायऱ्यांवर, म्हणजे खालचं वर आणि वरचं खाली ओरडून सांगायला. मी घरातलं एकेक उपकरण बंद करत गेले. कडकनं इस्त्री माझ्याकडून मागून घेतली आणि ती मांडीवर घेऊन कॉटवर बसली. कशाला, असं मी विचारलं. "नंतर कुणी म्हणायला नको, कुठेतरी लावलेली होती म्हणून," असं ती म्हणाली.

घरातला शेवटचा दिवाही बंद झाल्यावर धाकटी ओरडली, "ताई म्हणतेय मीटर पळतंय!" फ्रिजचा प्लग काढला. "अजून पळतंय! शर्यत असल्यासारखं पळतंय!" तेव्हा मी मेन स्विच खाली ओढला. तो मीच ओढला. कडक त्या वेळी आतल्या खोलीत कॉटवर होती आणि तिचे दोन्ही हात इस्त्रीवर होते. घरमालकांच्या फिर्यादीत स्विच तिनं ओढला असं लिहिलं असल्याचं मला इथे कळलं. ते चूक आहे. काका त्या वेळी घरात नव्हते आणि त्यांनी काहीही पाहिलेलं नाही.

स्विच खाली आल्याबरोबर खालून "थांबलं! थांबलं!" असं ऐकू आलं. त्याच क्षणी वरची घरघरही थांबली. ही घरघर आम्ही काही महिने छतातून रोज ऐकत होतो आणि वरचा जुना फ्रिज असेल असं समजत होतो. मग वरून एक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि काकू ओरडल्या, "मशीन बंद पडलं! कुणीतरी या हो!"

मी स्विच हातात धरून उभी होते. कडक दारातून पळत जिन्याकडे गेली आणि जाता जाता ओरडली, "वर कर! आधी वर कर!" मी स्विच वर केला. यात किती वेळ गेला, असं विचारण्यात आलं. फार नाही. पण तो मला कमी वाटलेला नाही.

आम्ही तिघी वर पोहोचलो तेव्हा मशीन पुन्हा सुरू झालं होतं. ते हवेतून प्राणवायू वेगळा करून नळीनं नाकाला देणारं मशीन होतं. आजोबा उशीला टेकून बसले होते. त्यांना दम लागला होता, पण ते शुद्धीत होते. काकू रडत होत्या. कडक पलंगाजवळ जमिनीवर बसून आजोबांचा हात चोळत होती. तिच्या पायात चप्पल नव्हती. पुढे डॉक्टर येऊन तपासून गेले आणि धोका नसल्याचं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांना फोन थोरलीनं केला.

दम ओसरल्यावर आजोबांनी विचारलं, "लाईट गेली होती का?"  मी म्हटलं, नाही आजोबा, आमचा स्विच आम्ही बंद केला होता. ते म्हणाले, "तुमचा बंद केला तर माझं कसं बंद पडलं?"  मशीनची वायर पलंगामागून बाल्कनीकडे गेली होती आणि तिथून दुसरी एक वायर पाईपाच्या आडून खाली, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर येत होती. आजोबा मान वळवून ती वायर बघत राहिले. मग काकूंना म्हणाले, "सूनबाई, खरं सांग. मी या पोरींच्या बिलावर जगतोय?" काकू म्हणाल्या, "मला विचारू नका, मामंजी."

आजोबांनी नाकाची नळी काढून गादीवर टाकली. "आयुष्यात कुणाचं तिकीट बुडवलं नाही मी," असं ते म्हणाले. काकूंनी विनवण्या केल्या. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांचा श्वास पुन्हा चढू लागला. तेव्हा कडक उठली, नळी उचलली, ओढणीच्या टोकानं पुसली आणि म्हणाली, "आजोबा, गपचूप लावा ही. बिल भरलंय आम्ही त्याचं. वाया घालवायला नाही भरलेलं."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नळी लावली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तू कोण गं?" ती म्हणाली, "इस्त्रीवाली. तुमच्या मुलानं जिन्यात चोर म्हटलं, ती." आजोबा काकूंना म्हणाले, "खुर्ची दे तिला." काकूंनी खुर्ची दिली. कडक बसली.

मी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. तो येईपर्यंत काकाही आले. वायरमननं सगळ्यांसमोर आमच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावरच्या जोडातून ती वायर घेतलेली दाखवली. काका म्हणाले, "तात्पुरती घेतली होती. इतकं जड बिल मला झेपलं नसतं. बाप आहे माझा." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ते खरं आहे, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. त्यांनी येऊन विचारलं असतं तर आम्ही चौघींनी काय म्हटलं असतं, असं इथल्या साहेबांनी विचारलं. आम्ही हो म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं. आणि वायर आपली असताना जिन्यात उभं राहून दुसऱ्याच्या मुलीला चोर म्हणायला नको होतं.

वायरमन वायर तोडायला निघाला. त्याला कडकनंच थांबवलं. "आधी वरची लाईन त्यांच्या मीटरवर घ्या, मग आमची काढा. मधे एक मिनिटही मशीन बंद राहता कामा नये," असं तिनं सांगितलं. काकांच्या मीटरवर वेगळी जोडणी करायला वरचं जुनं वायरिंग बदलावं लागणार असल्यानं ते काम अजून झालेलं नाही. आज हा जबाब देत असतानाही ते मशीन आमच्याच लाईनवर चालू आहे. मेन स्विचवर धाकटीनं चिकटपट्टी लावून 'हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे' असं लिहिलं आहे.

मी काकांना एवढंच म्हटलं होतं, की जे तुम्ही ज्यांच्यासमोर बोललात, ते चुकीचं होतं असं त्यांच्याच समोर सांगा. ते 'बघू' म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी इथे येऊन, आम्ही आकसानं आजारी माणसाचं मशीन बंद पाडलं अशी फिर्याद दिली आणि तीत कडकचं नाव घातलं.

आज सकाळी ठाण्याच्या आवारात काकांनी मला बाजूला घेतलं. वायरचा विषय मी काढला नाही तर ते फिर्याद मागे घेतील आणि कडकला परीक्षेपर्यंत राहू देतील, असं त्यांनी सांगितलं. मी तिला विचारायला गेले. ती बाकावर बसून अभ्यास करत होती. पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "राहू देतील म्हणजे? भाडं देते मी." यावरून मी काकांना नाही म्हणून सांगितलं.

मशीनला धोका झाला, तो माझ्या हातानं झाला. वर मशीन आहे हे मला माहीत नव्हतं. त्याबाबत जी काही विचारपूस करायची ती माझ्याकडे करावी. आजोबांनी निरोप दिला आहे की त्यांचाही जबाब घ्यावा. त्यांचे शब्द असे : "साहेबांना म्हणावं, वर या. जिना उतरता येत नाही मला, पण तोंड चालतंय."

थोरली आणि धाकटी बाहेर उभ्या आहेत. त्यांचं म्हणणं यापेक्षा वेगळं नाही. आम्हा चौघींपैकी कुणीही दुसरीविरुद्ध काही सांगणार नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही.

हवालदारांनी हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या तोंडचं आहे तसंच आलं आहे. फक्त शेवटी आम्हा चौघींचे पत्ते लिहिताना कडकच्या पत्त्यापुढे त्यांनी 'सध्या राहणार' असं लिहिलं होतं. त्यातला 'सध्या' मी त्यांना खोडायला लावला आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी सगळं बरोबर आहे.