दरडीवर उभं राहणारं दालन

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, मंडळाचे चिटणीस, आजची सत्कारमूर्ती म्हणजे माझी आत्या, आणि जमलेले सर्व स्नेहीजन,

मला ‘आत्याच्या हलक्याफुलक्या आठवणी’ असा विषय दिला आहे. मी सिरॅमिक्सची इंजिनीयर. तेव्हा आठवणी क्रमाने सांगते.

१. आत्या रंगीत भांडी करते. माती ओढ्याकाठच्या दरडीतली, दुसरी नाही.
२. या कलेच्या गौरवासाठी कायमचं दालन बांधायचं, असं मंडळाने एकमताने ठरवलं.
३. दालनासाठी जागा निवडली. तीच दरड.
४. माती राहणार नाही म्हणून काम थांबवावं लागेल, असं आत्याने कळवलं.
५. मंडळाने तिच्या निवृत्तीचा समारंभ ठरवला. तो हा.

यात कुणाचाही हेतू वाईट नाही, हे मला मुद्दाम नमूद करायचं आहे. चिटणीस स्वतः घरी आले होते. नकाशा जमिनीवर पसरून, कौतुकाने एकेक रेघ दाखवत होते. आत्याने विचारलं, दरवाजा कुठे? त्यांनी बोट ठेवलं. तिथूनच तर मी माती काढते, असं ती म्हणाली.

“म्हणून तर ती जागा घेतली, ताई. लोकांना अगदी मूळ ठिकाणी उभं राहिल्यासारखं वाटेल.”

“लोकांना वाटेल हो. मी कुठे उभी राहू?”

चिटणीस हसले. त्यांना तो विनोद वाटला. चहा घेऊन गेले.

आधीच्या तीन वक्त्यांनी आत्याच्या विनम्रतेचा उल्लेख केला. त्यांची आणि तिची भेट झालेली नसावी. दुसऱ्याचं भांडं ती हातात घेते, उलटं करते, आणि बूड बघून त्या माणसाच्या घराण्याबद्दल बोलते. मी पदवी घेऊन आले तेव्हा तिने विचारलं होतं, “आता भट्टी तुला विचारून तापेल का?”

आता थोडं तांत्रिक. माती दुसरीकडून आणता येणार नाही का, हा प्रश्न आपल्याही मनात आला असेल. मी आणली, निरनिराळ्या ठिकाणांहून. आत्याने वळ्या रचून भांडी घडवली, गारगोटीने घोटली, गेरूने रंगवली. वाळताना माती जास्त आकसली, गेरू कमी. नक्षी पापुद्र्यांसारखी सुटली. मी वाळू मिसळायला सांगितली. रंग टिकला, भांडी भट्टीत तडकली. आत्याच्या मते चूक माझी, माझ्या मते अजून काही महिने लागतील. एवढ्या एका मुद्द्यावर आम्ही दोघी अजून भांडतो आहोत, आणि दोघींकडेही उत्तर नाही.

आपल्या प्रत्येकाच्या मांडीवर एक छोटं भांडं आहे. स्मृतिचिन्ह खास दरडीच्याच मातीचं हवं, असा मंडळाचा आग्रह होता. पायाची चाचणी घ्यायला यंत्र आलं होतंच. त्याच्याच फावड्याने माती काढली. आत्या मधला एकच थर हाताने काढते, भिजवते, फडक्यातून गाळते. यंत्राला थर कळत नाहीत. वरचे चुन्याचे खडे खालच्या मातीत मिसळले. मग साचे, आणि मग विजेची भट्टी, आत्याच्या भट्टीपेक्षा कितीतरी गरम. एवढ्या तापमानाला त्या खड्यांची चुनकळी, म्हणजे न विरलेला कळीचा चुना, होते. ती आता हवेतला ओलावा पिऊन फुगते आहे. येत्या काही दिवसांत भांड्यांच्या खपल्या उडतील. घाबरू नये, फक्त ती कपाटात शेजारी शेजारी ठेवू नयेत. माझ्या टेबलावरच्या भांड्याने काल टक् असा आवाज केला आणि त्यावर रंगवलेल्या हरणाचे मागचे पाय गेले. आत्या खूप दिवसांनी मनापासून हसली. “बघ,” म्हणाली, “माझ्याआधी हेच निवृत्त झालं.”

दरडीचा वरच्या अंगाचा भाग अजून शाबूत आहे. रस्त्यापलीकडचं खडकाळ मैदानही मंडळाचंच आहे. तिथे पाया अधिक भक्कम बसेल. चाचणीचे आकडे मी दिले आहेत. तिथून ओढा दिसत नाही, एवढीच चिटणीसांची हरकत. अध्यक्षमहोदय मला दोनदा म्हणाले, “पाहू या.” मी पाहते आहे. ठेकेदारही पाहतो आहे. त्याच्याकडे यंत्र आहे, एवढाच फरक.

इथे यायला निघताना आत्याने मला बजावलं, गोड बोल, कार्यक्रम त्यांचा आहे. मी विचारलं, तुला खरंच थांबायचंय का? ती आरशासमोर केस विंचरत होती. वळली नाही.

“माझ्या हातांना काय झालंय?” म्हणाली.

तिच्या निवृत्तीविषयी माझ्याकडे एवढीच अधिकृत माहिती आहे.

मंडळाने मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. ठरलेला विषय सोडून काही बोलले असेन, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं.

यंत्र अठरा तारखेला पुन्हा येणार आहे. दालन रस्त्यापलीकडे नेणार की नाही, हे अध्यक्षमहोदयांनी आत्याला लेखी कळवावं. उत्तर नकाराचं असलं तरी कळवावं, म्हणजे यंत्राच्या आधी जेवढी निघेल तेवढी माती आम्ही दोघी काढून घेऊ. कृपया पंधरा तारखेपर्यंत.