डबी वाजलीच नाही

धाकटा : डबी वाजली नाही म्हणून मी मशीनवरून उठलो नाही, ताई. आणखी काय सांगू? दार सताड उघडं आहे आणि बाबा घरात नाहीत.

ताई : गच्चीवर बघितलंस?

धाकटा : गच्ची, जिना, शेजारी, सगळं पालथं घातलं. चपलाही नाहीत. मनगटावरचा पट्टा घालूनच गेलेत. मग त्याची ती गजराची डबी का नाही बोंबलली? एरवी त्यांनी उंबरठा ओलांडला की बोंबलायची. तिच्या जिवावर तर मी शिलाई मशीनवर बिनघोर बसायचो.

ताई : थांब. त्यांच्या हृदयाचे ठोके इथे येतायत. ऑफिसात, माझ्या स्क्रीनवर. अगदी नीट येतायत... अरे देवा.

धाकटा : असं अर्धवट बोलू नकोस.

ताई : काल मी त्या पट्ट्याला नवी पद्धत लावली. आम्ही इथे बनवतोय ती. आधी पट्ट्याचा पत्ता म्हणजे आपल्या घरचं वायफाय. घर सुटलं की पत्ता सुटायचा, जोडणी तुटायची. तुटली की डबी वाजायची.

धाकटा : बरोबर. आणि आता?

ताई : आता पट्ट्याला स्वतःचं नाव दिलंय. माणूस फिरेल तसा पत्ता बदलतो, घरचा, मग मोबाइलच्या या मनोऱ्याचा, मग त्या मनोऱ्याचा. नाव तेच राहतं. जोडणी तुटतच नाही.

धाकटा : म्हणजे डबीला...

ताई : डबीच्या लेखी काही झालंच नाही.

धाकटा : आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही तुला?

ताई : तुटणं हा दोष होता रे. इतके महिने आम्ही तोच काढत होतो. तू त्या दोषावरच विसंबून आहेस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

धाकटा : वा! दोष गेला आणि बरोबर बापही गेला. नकाशावर बघ ना कुठे आहेत.

ताई : ती सोय त्यात नाही. बॅटरी खाते म्हणून घेतली नव्हती. नुसता मनोरा कळतो. घराजवळचा, मग बाजाराचा, मग भराभर बदललेत. बसमध्ये बसले असणार. आता बोटींच्या धक्क्याजवळचा आहे. मघापासून तोच.

धाकटा : धक्का? ताई, तिथे कठडासुद्धा नाही.

ताई : स्कूटर काढ.

धाकटा : काढली. आडवाटेने लगेच पोचतो. पण धक्का केवढा लांबलचक आहे, शोधू कुठे?

ताई : पट्ट्यातून बोलता येतं. मी त्यांनाच विचारते. तूही ऐकत राहा, पण तुझा आवाज त्यांच्याकडे जाऊ देत नाही. तू बोललास की ते चिडतात.

धाकटा : गोळ्या मी देतो ना, मग वाईट मीच. ठोके कसे आहेत?

ताई : वाढतायत. तू निघ.

(पट्ट्याशी बोलणं सुरू होतं. मागे वारा, पाण्याचे चुबुक चुबुक आवाज.)

ताई : बाबा? मी थोरली बोलतेय. पट्ट्यातून.

बाबा : हां, हां. बोल गं. जेवलीस?

ताई : जेवले. बाबा, समोर काय दिसतंय तुम्हाला?

बाबा : पाणी. खाली पायऱ्या आहेत. शेवाळ केवढं आलंय. जपून उतरायला हवं.

ताई : उतरू नका!

बाबा : ओरडतेस कशाला? बोट खालीच लागते.

ताई : बोटीने कुठे निघालात?

बाबा : पलीकडे, दवाखान्यात. तुझ्या आईला आणायला. किती दिवस झाले, कोणी आणतच नाही तिला. तुम्हा दोघांना सवड नाही.

धाकटा : ताई, सांगून टाक त्यांना. आईला जाऊन आता वर्ष होईल.

ताई : आत्ता नाही.

बाबा : काय आत्ता नाही?

ताई : ऑफिसातलं, बाबा. पायऱ्यांजवळ आणखी काय आहे? टपरी, खांब?

बाबा : लाल खांब आहे. दोर गुंडाळलाय त्याला.

ताई : मग त्या खांबाला टेकून बसा ना. बोटीला अवकाश आहे.

बाबा : आणि आली तर? चुकायची. त्यापेक्षा एक पायरी उतरून थांबतो.

ताई : बाबा, नको. पाय ओले होतील.

बाबा : उतरलो. झाले खरंच ओले.

ताई : वर या. माझं ऐका. छातीत धडधडतंय ना?

बाबा : धडधडणारच. ती भेटणार म्हटल्यावर... तू एक काम कर. परवा जेवताना तूच सांगत होतीस, माणूस कुठेही जावो, पत्ता कितीही बदलो, नावाने त्याला गाठता येतं. मी नीट ऐकत होतो. धाकटा नुसता चापत होता. मग तुझ्या आईचं नाव लावून बघ ना.

ताई : आईचं?

बाबा : दवाखान्यातून तिला दुसरीकडे हलवलं असेल, तर मी उगाच पलीकडे जायचो. कुठे आहे ते कळलं की मी सरळ तिकडेच जातो.

ताई : बघते. पण आधी वर येऊन बसा. पाण्याजवळून... पाण्याजवळून फोन लागत नाही.

बाबा : असं होय? मग आधी नाही सांगायचं? आलो... आलो... बसलो बघ खांबाला टेकून. लागला?

ताई : लावतेय. हलू नका हं.

बाबा : माहेरचं नाव घाल. लग्नात मी बदललं, ते तिला कधी आवडलं नाही. त्या नावाने हाक मारली की पटकन ओ देते.

ताई : घातलं, बाबा. माहेरचंच घातलं.

धाकटा : दिसले. ताई, दिसले! खांबाशी बसलेत. मनगट कानाला लावून.

ताई : धावू नकोस. हळू जा. नुसता शेजारी बस.

धाकटा : बाबा...

बाबा : श्श. हळू बोल. तिच्याकडे लागतोय.