जागचं हलणार नाही असं

नाही नाही, हे हँडलवालं नकोच, हे तर मी एका हातानं उचललं की हो दादा! जड दाखवा. ते वरचं, काचेचं — हां, तेच, काढा खाली — अहो जपून, थांबा, मी धरते एका बाजूनं — बाई गं! आता कसं. कॉम्प्युटरला असं कॅबिनेट पाहिजे. एकदा कोपऱ्यात ठेवलं की जागचं हलता कामा नये. कोपरा मी मोजून आलेय, पडदे शिवते ना मी, मोजपट्टी पर्समध्ये असतेच. बसते हो, बसते, राहू दे ते स्टूल, मला बसून सुचत नाही काही. तर कॅबिनेट हे ठरलं. आता ग्राफिक कार्ड बोला. मला यातलं सगळं कळतं असं नाही, पण आठवडाभर हेच वाचतेय, शिलाई मशीनला मोबाइल टेकवून. परवा त्या नादात एका बाईंच्या अख्ख्या पडद्याच्या चुण्या उलट्या बाजूनं घातल्या. त्या काय बोलल्या ते जाऊ दे.

कुठलं कार्ड म्हणजे — त्या घरच्या मशीनमध्ये जे आहे त्याच्या एक पायरी वरचं. हां, कुठलं घर ते सांगायचं राहिलंच. माझ्या मुलीचे बाबा राहतात ते. आम्ही वेगळे झालोय — त्यात लपवण्यासारखं काही नाही, अगदी समजूतदारपणे झालोय, सगळे तेच म्हणतात — शाळेचे दिवस ती तिकडे, शाळा जवळ पडते म्हणून, आणि शनिवार-रविवार माझ्याकडे. खारू म्हणते मी तिला. लहानपणी गालात घास धरून बसायची ना, खारीसारखी, गिळायचं नावच नाही. आता मैत्रिणींसमोर तशी हाक मारली की डोळे वटारते. तर तिकडचं मशीन तुमच्याच दुकानातून गेलंय. तिनं फोटो पाठवला होता, त्यावर तुमचा स्टिकर दिसला. नाहीतर माझ्या घराजवळच कॉम्प्युटरचं दुकान आहे की एक, इतक्या लांब कशाला येतेय मी?

रॅम दुप्पट टाका. लागत नाही? नाही लागू दे. तिकडे किती टाकलीत? — मग त्याच्या दुप्पट. आणि पंखे बिनआवाजाचे द्या, भिंत पातळ आहे आमची, पलीकडे दुकानात मी शिवत असते — नको, थांबा. आवाज असू दे थोडा. ती हेडफोन घालून बसली की हूं की चूं करत नाही. निदान पंखा तरी ऐकू येईल ना मला, की आहे बाई कुणीतरी घरात.

दिवे? दिवे तर हवेतच. तिकडचे रंग बदलतात, आधी निळा, मग जांभळा, मग हळूच हिरवा होतो — काय? हो, फोटोत रंग बदलत नाहीत. बरोबर पकडलंत. अहो, रस्त्यावरून दिसतं ते. मुद्दाम जात नाही मी काही, गिऱ्हाईक आहे माझं त्या गल्लीत. म्हणजे, होतं. त्या खिडकीचे पडदे माझ्याच हातचे आहेत, अस्तर लावायचं तेवढं राहून गेलं आणि मग मी तिथून निघालेच. त्यामुळे उजेड बाहेर येतो सगळा. परवाच्या शनिवारी बघितला ना मी. हो, शनिवारीच. शनिवारी ती माझ्याकडे असायला हवी, ते कळतंय मला, तुम्ही कशाला भुवया चढवताय? नाही आली. आधी म्हणाली परीक्षा आहे, मग म्हणाली डोकं दुखतंय. डोकं दुखणारी मुलगी असले दिवे लावून बसते का हो? मी आपली समोरच्या फुटपाथवर. बरोबर तिच्या आवडीच्या खाऊचा डबा. परत आणला घरी आणि उभ्या उभ्या मीच संपवला.

राग नाही हो आला तिचा. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण माझ्याकडे येऊन ती करणार तरी काय? कॉम्प्युटरवर एक खेळ आहे, त्यात ती गाव वसवतेय, केव्हापासून चाललंय — पूल आहे, धरण आहे, मला एकदा मोबाइलवर दाखवलं, म्हणाली, आई, हे बघ, ही तुझी गल्ली. खरंच होती हो! माझं शिलाईचं दुकान, वर अर्धवट उघडं शटर, आतमध्ये एवढीशी मी. पण ते गाव सगळं तिकडच्या मशीनमध्ये. माझ्याकडे येते ती बूट न काढता सोफ्याच्या टोकाशी बसते, जरा वेळानं निघायचंच असल्यासारखी. म्हणून म्हणतेय, असं दणदणीत मशीन जोडा की तिकडचं नावच काढायची नाही ती. पैशाचं मी बघते. — तुम्ही लिहून का घेत नाही आहात? मघापासून पेन नुसतं हातात. काय झालं? बोला की.

आली होती म्हणजे, येणारच, बाबांबरोबर आली असेल निवडायला. मग? कुठलं मागत होती? — हे? हे हँडलवालं, मघाशी मी बाजूला सारलं ते? कशाला पण? ... असं म्हणाली? दोन घरं आहेत, ने-आण करता आली पाहिजे, असं? स्वतःच्या तोंडानं? माझ्याशी तर दोन शब्दांच्या वर बोलत नाही ती. मग दिलं का नाहीत तुम्ही? बाबा नको म्हणाले. का नको? सांगा ना, आठवतंय तुम्हाला, तोंडावर दिसतंय तुमच्या. काय म्हणाले? ... एकदा कोपऱ्यात ठेवलं की जागचं हलता कामा नये. असंच? याच शब्दांत?

ते स्टूल द्या हो जरा.

नाही, पाणी नको. ठीक आहे मी. — दादा, तिकडच्या मशीनचं आतलं सगळं काढून या छोट्यात बसवता येईल? तिच्या गावासकट? कार्ड लांब आहे म्हणता. तसलंच आहे का दुकानात? काढा बाहेर, धरा मोजपट्टीचं ते टोक — सरळ धरा, वाकडी पट्टी लागली की माप चुकतं — आता कॅबिनेटमध्ये आतून... बसतंय की! बोटभर जागा उरतेय. पॉवर सप्लाय छोटा लागेल? तो द्या नवीन. आणि माझ्या घरी नुसता स्क्रीन, कीबोर्ड, माऊस. यायचं, जोडायचं, बसायचं. तुमचा धंदा बुडवला की हो मी, मघाशी केवढं मोठं गिऱ्हाईक वाटले असेन. — पण रविवारी संध्याकाळी ती ते उचलणार आणि जाणार. कोपरा रिकामाच राहणार माझा. ... जाऊ दे. नेऊ दे तिला. उचलून आणावंसं तरी वाटतंय ना पोरीला.

फोन तुम्हीच करा ना पण. नंबर असेल तुमच्याकडे. म्हणावं, दुकानातून बोलतोय, मशीन घेऊन या, थोडा बदल करायचाय. नाही म्हणता? कशाला पडाल मध्ये, खरंय तुमचं. अहो, पण किती दिवसांत बोललो नाही आम्ही, असलं काही असेल तर वकिलाकडून निरोप जातात — हो, समजूतदारपणे म्हणाले होते मी मघाशी. म्हणाले असेन. — बरं, करते. करतेच. ते काचेचं तेवढं वर ठेवून द्या, डोळ्यांसमोर नको.

वाजतोय.

हॅलो — मी. नाही, तिला काही झालं नाही, तुझ्याकडेच आहे ना ती? ... भांडायला नाही केला रे. दुकानात आहे, कॉम्प्युटरच्या. हो, त्याच. ऐक, खारूनं ते छोटं मागितलं होतं ना तुझ्याकडे, हँडलचं? ... हो, सांगितलं त्यांनी. आणि तू काय म्हणालास तेही सांगितलं. ... नाही, ऐकून तर घे. मीही आत्ता तेच म्हणाले. शब्दन्‌शब्द तेच. ... आहेस ना? — दादा, तुम्ही जरा आत जाता?